उंबराची साल आणि चार बाटल्या

ज्या विषयावर मी लिहिणार आहे तो दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्यासारखा नाही. हातात चकली असेल तर ती आधी संपवा, मग पुढे वाचा. संपादकबाईंना मी फोनवर तसं स्पष्ट सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, नर्सबाईंनी नाही लिहायचं तर कोणी लिहायचं?" म्हणून लिहिते आहे. विषय आहे गरोदर बाईच्या अंगावरून जाणारं पांढरं, त्याबरोबर येणारी खाज, आणि त्यावर बायका घरच्या घरी करतात ते उपाय.

मी मूळची वरोरची, मासळीच्या गावची. लग्न होऊन डहाणूत आले, यजमान रेल्वेत होते. नोकरीची बरीच वर्षं किनाऱ्याकडच्या गावांत गेली. २०१४ साली, आपला पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला त्याच वर्षी, माझी बदली तलासरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर झाली आणि २०१९ ला तिथूनच मी निवृत्त झाले. पाड्याचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

उपकेंद्र म्हटलं की शहरातल्या लोकांना वाटतं तिथे डॉक्टर असतो. तिथे मी असते. दोन खोल्या, एक टेबल, एक वजनकाटा, औषधांचं कपाट आणि भिंतीवर लसीकरणाचा तक्ता. डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे जीपने पाऊण तास. महिन्यातून एकदा मी पाड्यावरच्या अंगणवाडीत जाऊन गरोदर बायांची तपासणी करायची. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिनसाठी बोटाला टोचून रक्त, पोटावर हात, आणि लघवी. लघवीसाठी प्रत्येकीला एक छोटी बाटली द्यायची आणि ती भरून आणली की त्यात कागदी पट्टी बुडवायची. पट्टीच्या टोकाचा निळसर चौकोन तसाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर आहे, तपकिरी झाला तर भरपूर आहे. इतकं सोपं काम की त्यात चुकायला जागाच नाही, असं मला वाटायचं.

आता खाजेबद्दल. ती बुरशीमुळे होते. लोणच्याला नीट मीठ पडलं नाही की वर पांढरा थर धरतो, तसाच काहीसा प्रकार. गरोदरपणात शरीर असं बदलतं की ह्या बुरशीला आयतं घर मिळतं. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं आणि खाज अशी की बाईला भातलावणीत वाकवत नाही, एका जागी बसवत नाही. डॉक्टरांकडे आत ठेवायच्या गोळ्या असतात, त्यांनी बहुतेक जणींना बरं वाटतं. खाजेने कोणी मरत नाही म्हणून तिची गणती कुठल्याच तक्त्यात नाही. बाईही ती सांगत नाही. आमच्या पाड्यावरच्या बायका एवढंच म्हणायच्या, "बाय, खालून तरास हाय," आणि पदराचं टोक पिळत जमिनीकडे बघायच्या. तोवर त्यांनी घरी काय काय करून पाहिलेलं असायचं.

पहिली दीड-दोन वर्षं मी ह्या उपायांशी नुसती भांडले. लसणाची पाकळी दोऱ्याला बांधून आत ठेवलेली बाई पाहिली, आतून सोलवटून निघाली होती. कडुनिंबाच्या धुरीवर बसून मांड्या भाजून घेतलेली पाहिली. तुरटीच्या पाण्याने आतून धुणारी पाहिली. मी प्रत्येकीला झापायची. माझा आवाज पहिल्यापासून मोठा, मासळीबाजारात वाढलेल्या माणसाचा असतो तसा. त्यामुळे पाड्यावर माझं नाव खडूस सिस्टर पडलं आणि बायकांनी मला काही सांगणंच बंद केलं.

आमचे डॉक्टर तेव्हा तरुण होते, बोलायला मऊ. ते म्हणाले, "सिस्टर, भांडून काय होणार? लिहून ठेवा. कोणी काय लावलं, किती दिवस लावलं, काय झालं. मग जे अपायकारक असेल तेवढंच थांबवू. बाकीचं करू दे त्यांना."

मला हे एकदम पटलं. शंभरपानी वही घेतली, तीन रकाने आखले. पहिला 'चालेल', दुसरा 'चालणार नाही' आणि तिसरा 'माहीत नाही'. खरं सांगते, त्या वहीने मला फार सुख दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांनी छापलेले तक्ते भरले होते. हा माझा स्वतःचा होता. 'माहीत नाही'च्या रकान्यात मात्र मी फारसं कधी लिहिलं नाही. वर्षानुवर्षं सल्ले देत आलेल्या बाईला ते शब्द लिहिणं जड जातं.

वही सुरू झाली तशा बायका पुन्हा बोलायला लागल्या. लिहिताना मी ओरडत नसे, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. दही-ताक पोटात घ्यायला चालेल, लावायला नाही. खोबरेल बाहेरून चालेल. कडुनिंबाचं कोमट पाणी बाहेरून धुवायला चालेल. आतलं कापड अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या साडीखाली दडवून वाळवणं अजिबात चालणार नाही, ते उन्हातच पडलं पाहिजे. हे शेवटचं सांगायला फार सोपं आहे. पण ज्या घरात सासरा अंगणात बसलेला असतो तिथे सून आपलं आतलं कापड दोरीवर कसं टाकणार, ह्याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.

गमतीही झाल्या. कैनाडचा एक शेतकरी, बायको बाळंतपणासाठी माहेरी आमच्या पाड्यावर आलेली, तो तिच्यासाठी विचारायला आला. अर्धा तास तो मला त्याच्या गाईची लक्षणं सांगत होता. मीही गंभीरपणे गाईबद्दल ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या आणि शेवटी म्हटलं, "गाईला सांगा, सहाही गोळ्या पूर्ण करायच्या." तो बिचारा मान खाली घालून गेला. आणि शिकलेल्यांबद्दल म्हणाल तर ते काही मागे नाहीत. डहाणूतल्या आमच्या कॉलनीत एका शिक्षिकेने मोबाईलवर बघून मुंबईहून कसलं तरी झाडाचं तेल आणि सफरचंदाचं व्हिनेगर मागवलं. सातव्या महिन्यात. दोन्ही लावून ती तीन दिवस शाळेत उभ्याने शिकवत होती.

"मॅडम, पाड्यावरच्या बाया लसूण लावतात, तुम्ही व्हिनेगर लावलंत," मी तिला म्हटलं.

"पण सिस्टर, ते नॅचरल आहे ना!"

"बिबाही नॅचरलच असतो," मी म्हटलं आणि वहीत लिहिलं, 'चालणार नाही'.

आता बुधीआजीकडे वळते. ती पाड्यावरची सुईण. वय तिलाही माहीत नव्हतं. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागल्यावर तिचं काम संपलं होतं, पण बाई खाजेने हैराण झाली की आधी तिच्याच दारात जायची. तिचा उपाय म्हणजे उंबराची साल. साल ठेचून पाण्यात उकळायची, ते पाणी निवलं की त्याने बाहेरून धुवायचं. किती दिवस, असं विचारलं तर म्हणायची, "गुण येल तवर." मी सहा-सात बायांच्या नोंदी केल्या. आग होत नव्हती, सूज येत नव्हती, थोडा आराम पडत होता. 'चालेल'मध्ये लिहिलं आणि तिला तसं सांगितलंही. म्हातारीला काय आनंद झाला! सगळ्या पाड्यात सांगत फिरली की नर्सबायने माझं औषध वहीत लिहिलं.

वनिताची गोष्ट २०१६ मधली. चोवीस-पंचवीस वर्षांची, हसतमुख, अंगाने भरलेली. नवरा बांधकामावर. ती स्वतः डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत फळं निवडायला जायची. तिला चार वर्षांची एक मुलगी होती आणि त्यानंतरचं एक मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. का गेलं ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून ह्या वेळी ती एकही तपासणी चुकवत नव्हती. "बाय, हा राहिला पाह्यजे," असं ती प्रत्येक वेळी पोटावर हात ठेवून म्हणायची, आणि मी म्हणायची, "राहील. मी आहे ना."

पाचव्या महिन्यात तिला खाज सुटली. बुधीआजीने साल दिली, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. मी गोळ्या दिल्या, आठ-दहा दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. मांड्यांवर ओरखडे. गोळ्यांचा दुसरा कोर्स दिला, पुन्हा तेच. अशी वारंवार उलटणारी बुरशी दिसली की बाईच्या साखरेकडे बघायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मला ते माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अडाणीपणाची सबब मला नाही.

म्हणून पुढच्या तपासणीला मी पट्टीकडे डोळे लावून बसले. अंगणवाडीत त्या दिवशी चार गरोदर बाया होत्या. वनिता, तिची थोरली जाऊ यमुना आणि आणखी दोघी. मी बाटल्या दिल्या आणि रजिस्टरमध्ये मान घातली. "आणा लवकर, मला पुढच्या पाड्यावर जायचंय." थोड्या वेळाने चारही बाटल्या टेबलावर आल्या. चिठ्ठ्या चिकटवून मी पट्ट्या बुडवल्या. चारही निळ्या. बाटल्यांतला रंगही चौघींचा सारखा होता, पाण्यासारखा फिकट. मी हसत म्हटलंसुद्धा, "काय गं, चौघी एकाच विहिरीचं पाणी पिता काय?" यमुना जरा जास्तच मोठ्याने हसली. वनिता खाली बघत होती.

साखर नाही, मग चूक कशाची? मी वनिताला कापड उकळण्यावरून बोलले. नवऱ्याला औषध दिलं. ताक पी म्हटलं. रक्त वाढायला फळं खा म्हटलं, आणि ती वाडीतले पिकून मऊ झालेले, बाजारात न जाणारे चिकू रोज ओटी भरून आणत होती ते कौतुकाने पाहिलं. तिचं पोट मोठं दिसायला लागलं होतं. आमच्या भागात हलक्या बाळांची काळजी करण्यात आम्हा नर्सेसचा जन्म जातो. असं भरलेलं पोट पाहिलं की डोळे निवतात. मी इतर बायांना वनिताकडे बोट दाखवून सांगायची, "बघा, अशी वाढ पाहिजे."

त्याच सुमारास बुधीआजी काठी टेकत उपकेंद्रावर आली. दारातच बसली.

"बाय, त्या वनीच्या मुताला मुंग्या लागतात. मी बघला. परसात जिथं बसते तिथं रांग लागलेली."

"आजी, तपासलंय मी. साखर नाही तिला."

"मंग मुंग्या काय उगा येतात?"

मी म्हटलं, पुन्हा बघते. आणि पुढच्या महिन्यात खरंच पुन्हा बघितलं. अंगणवाडी, बाटल्या, रजिस्टर, चार पट्ट्या. वनिताची निळीच. त्या दिवशी बुधीआजीही तिथे होती, अंगणवाडीच्या ओट्यावर बायकांमध्ये. मी पट्टी उंच धरून तिला दाखवली.

"आजी, ही बघ. मुंग्यांना जास्त कळतं की ह्या पट्टीला? आणि तुझी ती साल उकळायची बंद कर आता. तुझ्या सालीनेच वाढतंय तिचं."

बायका हसल्या. आजीही हसली, दात नसलेल्या तोंडाने. मग काठी घेऊन उठली. उपकेंद्रावर आल्यावर मी वही काढली, उंबराच्या सालीपुढचं 'चालेल' खोडलं आणि लाल पेनने लिहिलं, 'चालणार नाही. बुरशी वाढते.' खाली रेघ मारली.

नववा महिना लागल्यावर एका सकाळी वनिता स्वतः चालत उपकेंद्रावर आली. खुर्चीवर न बसता उभीच राहिली. "बाय, कालपासून हालत नाय." मी तिला झोपवलं. ठोके ऐकायचं यंत्र पोटावर ठेवलं, इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं. मला माझ्याच नाडीचा आवाज ऐकू येत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तोंड सरळ ठेवू शकले नाही. इतक्या वर्षांत ती एक गोष्ट मला शिकता आली नाही.

गाडी बोलावून शहरातल्या रुग्णालयात नेलं. मीही बरोबर होते. मुलगा होता, चार किलोच्या वर. डोक्यावर दाट जावळ. असं गुटगुटीत बाळ आमच्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये मी त्याआधीच्या दोन वर्षांत लिहिलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी वनिताचं रक्त तपासलं आणि कागद माझ्यापुढे धरला. आईची साखर वाढली की बाळ असंच फुगतं, आणि कधी पोटातच जातं. साखर इतकी वाढलेली की त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, गरोदरपणात लघवी एकदाही तपासली नाहीत का?"

मी म्हटलं, दर महिन्याला तपासली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरले नाही. त्यांना वाटलं, बाई न तपासताच रजिस्टर भरते. मला राग आला. परत आल्यावर पट्ट्यांच्या डबीवरची मुदत तपासली, ती शिल्लक होती. साखरेच्या पाण्यात पट्टी बुडवून पाहिली, ती लगेच तपकिरी झाली.

पाचव्या दिवशी पाड्यावर गेले. वनिता घरात भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी थोडा वेळ तिच्याजवळ बसले. बाहेर पडले तर यमुना माझ्या मागोमाग आली आणि वळणावरच्या करवंदीच्या जाळीपाशी माझा हात धरला. तिचं स्वतःचं पोटही आठ महिन्यांचं होतं.

"बाय, ती बाटली वनीची नव्हती. चारी बाटल्या माझ्याच होत्या. दर टायमाला."

मला आधी समजलंच नाही.

"अंगणवाडीच्या मागं आडोसा हाय काय? समोर आंब्याखाली सगळं बापे बसलेलं. आमचा सासरा तिथंच. हातात बाटली घेऊन त्यांच्यासमोरून जायचा आणि भरून आणायचा? पोरी लाजून मरतात, बाय. म्हणून मी घरूनच पेज पिऊन यायची, तांब्या भरून आणायची पदराखाली. सगळ्यांच्या भरून द्यायची. तू लवकर आणा, लवकर आणा करायची. मना वाटला, मुताला काय नाव असते?"

ती ऊर बडवून रडायला लागली. त्या स्थितीत तिला रडू देणं बरं नव्हतं, म्हणून मी तिला खाली बसवून पाणी पाजलं. मला 'एकाच विहिरीचं पाणी' आठवत होतं. उत्तर माझ्यासमोर टेबलावर रांगेने ठेवलेलं होतं आणि मी त्यावर विनोद केला होता. आपल्या हाताने बाटली देऊन बाई कुठे जाते, तिला जायला जागा आहे का, एवढं मान वर करून बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

तशीच मी बुधीआजीकडे गेले. तिने मला पाट दिला, कोरा चहा ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "आजी, तू बरोबर होतीस." मला वाटलं होतं ती मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती चुलीत काटक्या सारत म्हणाली, "मी तिला सांगणार होती, डहाणूच्या मोठ्या डाक्टरकडं जा. रक्त दाखव. पण तू तेवढ्या बायांत बोललीस, पट्टी दाखवलीस. मना वाटला, तू शिकलेली, तुझा बरोबर असल. मंग मी गप बसली."

चहा मी प्याले. त्याची चव अजून तोंडात आहे.

मूल गेलं की आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो. कारण, टाळता आलं असतं का, कोणत्या टप्प्यावर. मी लिहिलं, 'मातेस मधुमेह. तपासणीत आढळून आला नाही.' ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. यमुनाचं नाव मी लिहिलं नाही. तिला वाचवलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण त्या दोन वाक्यांच्या आड मीही सुरक्षित बसले होते, हे मला लिहितानाच कळत होतं. डॉक्टरांना मात्र तोंडी सगळं सांगितलं. ते टेबलावर पेन आपटत म्हणाले, "यापुढे आडोसा असल्याशिवाय बाटली द्यायची नाही."

दुसऱ्याच आठवड्यात मी घरच्या चार जुन्या साड्या नेल्या. अंगणवाडीमागे बांबू रोवून आडोसा केला, पाण्याचा डबा ठेवला, आणि आंब्याखालच्या पुरुषांना माझ्या मासळीबाजारी आवाजात सांगितलं की तपासणीच्या दिवशी त्यांनी दुसरं झाड शोधावं. ते निमूटपणे उठले. एवढंच करायचं होतं. ते दोन वर्षं आधी करता आलं असतं.

वहीतली उंबराची साल मी पुन्हा 'चालेल'मध्ये लिहिली नाही. लाल अक्षरंही खोडली. त्या सालीचा काही दोष नव्हता, पण तिचा गुण किती तेही मला कळलं नव्हतं. ज्या बाईचं रक्तच गोड झालंय तिच्यावर सालही हरणार आणि गोळ्याही हरणार. मी औषधाची परीक्षा घेत बसले आणि बाईला तपासलं नाही. वही त्यानंतर हळूहळू बंद पडली. निवृत्त होताना कपाट रिकामं केलं तेव्हा सापडली, अर्ध्याहून जास्त कोरी. बुधीआजी त्याआधीच गेली होती. तिच्या दहाव्याला मी गेले होते, पण कोणाशी न बोलता मागे बसून परत आले.

वनिता यमुनाशी बोलायची बंद झाली. एकाच अंगणात दोन चुली, मध्ये तट्ट्याची भिंत, आणि दोघींच्या तोंडून एकमेकींचं नाव निघेना. यमुनाला मुलगी झाली, तिला वनिताने कधी मांडीवर घेतली नाही. मी दोनतीनदा मध्ये पडले. वनिताने मला एवढंच विचारलं, "तुझा काय गेला, बाय?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

२०१८ च्या शेवटी आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीच्या लोकांना ते सांगायला नको. उपकेंद्राच्या भिंतीला तडा गेला, म्हणून मी टेबल बाहेर ताडपत्रीखाली मांडलं. घरात बसायची कोणाची छाती होत नव्हती. सगळा पाडा दिवसभर बाहेरच, वाटेच्या दोन्ही बाजूंना, तंबूंच्या आणि झाडांच्या सावलीत. साड्यांचा आडोसाही वाऱ्याने फाटून गेला होता, तो मी अजून नव्याने बांधला नव्हता.

२०१९ च्या सुरुवातीची एक सकाळ. मी ताडपत्रीखाली बसले होते. पाड्याकडून वनिता येताना दिसली. तिचा हात पुढे होता आणि हातात बाटली होती. पदराखाली नाही, फडक्यात नाही, उघडी. वाटेच्या दोन्ही बाजूंना पुरुष बसलेले, त्यांत तिचा सासरा आणि नवराही. ती इकडे तिकडे न बघता मधून चालत आली. सासऱ्याने मान दुसरीकडे फिरवली. तिच्या मागे दहा पावलांवर यमुना होती, जवळ न येता, पण सोबत असल्यासारखी.

वनिताने बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"तिसरा महिना हाय. घे. माझीच हाय."

मी बाटली उचलली. ती कोमट होती. पट्टी बुडवली आणि धरून बसले. निळा चौकोन हिरवा झाला, मग मळकट, मग तपकिरी. मी लगेच डहाणूच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. तिला सांगितलं, आजच जायचं, रक्त तपासायचं, ते सांगतील ती इंजेक्शनं घ्यायची, चिकू बंद, मीही बरोबर येते. ती ऐकत नव्हती. ती पट्टीकडे बघत होती.

"बाय, मागच्या टायमाला मी माझी दिली असती, तर ही अशीच झाली असती?"

यमुना ताडपत्रीच्या खांबाला धरून उभी होती.

मला उत्तर माहीत होतं. नोकरीत जिथे जिथे तिसऱ्या रकान्यातले ते शब्द म्हणायला हवे होते तिथे माझ्या तोंडून ते कधी निघाले नाहीत. म्हातारीला सगळ्यांसमोर हसले तेव्हाही नाहीत. त्या दिवशी मात्र मला पक्कं माहीत होतं, आणि मी चिठ्ठीवरून मान वर न करता म्हटलं, "मला माहीत नाही, वनिता."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलते आहे हे तिला कळलं, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग तिने बाटली उचलली, ताडपत्रीमागे जाऊन रिकामी केली, डब्यातल्या पाण्याने धुतली आणि परत येऊन माझ्या टेबलावर पालथी घातली. जाताना यमुनाच्या जवळून गेली, थांबली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या पोरीला बघ. मना डहाणूला जायचा हाय."